कोरोनातला मोबाईल : घरात आला, पण कुणाच्या हातात?



आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला गड, लढाया आणि राजे आठवतात. पण आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत घडलं तोही इतिहासच असतो. तो नीट सांगून ठेवला नाही तर दहा-वीस वर्षांनी त्याचं एकच वाक्य उरतं. कोरोनाच्या दोन वर्षांचं असं वाक्य आत्ताच तयार झालंय : "कोरोना आला आणि पोरं मोबाईलला चिकटली." बैठकीत, लग्नात, एसटीत, सगळीकडे आपण ते ऐकतो आणि मान डोलावतो.

ते वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. कुठली पोरं चिकटली? कुणाच्या मोबाईलला? आणि ज्यांच्या हाताला मोबाईल लागलाच नाही, त्यांचं पुढं काय झालं? आज ही उरलेली अर्धी गोष्ट सांगते.

आधी थोडं मागं जाऊ. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा ते शहरातल्या मोजक्या कचेऱ्यांत आणि मोठ्या घरांत होतं. खेड्यात त्या वेळी एसटीडी बूथच मोठी गोष्ट होती. पुढं बटणाचे फोन आले, ते शेतावर, बाजारात घरधन्याच्या खिशात फिरायला लागले. नेट मात्र महागच राहिलं. २०१४ साली एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांच्या वर पडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, सुरुवातीला फुकट आणि मग स्वस्तात. कंपन्यांची चढाओढ लागली आणि तोच जीबी दोन वर्षांत दहा-बारा रुपयांवर आला. तेव्हापासून गावातल्या पारावर, एसटी थांब्यावर पोरं माना खाली घालून बसलेली दिसायला लागली. नीट आठवा, त्यात पोरीही होत्या का? नव्हत्या. पारावर बसणारे मुलगेच होते. स्मार्टफोन गावात शिरला तो अशा वाटेनं, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

आता २०२० सालाकडं येऊ. आपल्या राज्यात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. चारच दिवसांनी राज्य सरकारनं साथरोग कायदा लागू केला. हा कायदा आहे १८९७ चा. त्या वेळी मुंबई-पुण्यात प्लेग पसरला होता आणि तो आवरायला इंग्रज सरकारनं हा कायदा केला. त्याच प्लेगात, पुण्यात, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. तारीख होती १० मार्च १८९७. ज्यांनी पोरींच्या हातात पाटी दिली त्या बाईंचा जीव ज्या साथीनं घेतला, त्या साथीतला कायदा १२३ वर्षांनी पुन्हा आपल्या दारात आला. आणि या वेळीही प्रश्न पोरींच्या हातातल्या पाटीचाच निघाला. फरक एवढाच की आता पाटी काचेची होती आणि तिला रिचार्ज लागत होता.

मार्चच्या मध्याला शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा चालू होती, तिचा शेवटचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढं ढकलला आणि नंतर रद्दच केला. मुलांना बाकीच्या विषयांवरून सरासरी गुण दिले. २४ मार्चला रात्री टाळेबंदी जाहीर झाली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, एकवीस दिवसांचा प्रश्न आहे. आपल्या गटांनी मास्क शिवायला घेतले. मुलं घरात होती, आणि सुट्टीच लागलीय असं मानून आपण चाललो.

जून उजाडला तरी शाळेचं दार उघडलं नाही. १५ जूनपासून शालेय वर्ष सुरू झालं, पण ते फोनवर. सरकारचं म्हणणं होतं, शाळा बंद असली तरी शिक्षण चालू राहील. गुरुजी आणि बाईंनी वर्गाचे व्हॉट्सअॅप गट केले. रोज सकाळी त्यावर अभ्यास यायचा, मुलांनी वहीत लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ जो काळा चौकोनी ठिपक्यांचा ठसा असतो ना, तो क्यूआर कोड, त्याचा खरा उपयोग बऱ्याच घरांना तेव्हा पहिल्यांदा कळला. पुस्तकात असे कोड घालायचा मार्ग दाखवणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. ज्या वर्षी आपल्या राज्यातल्या जिल्हा परिषद शाळेचं नाव जगभर गेलं, त्याच वर्षी त्या शाळांची दारं बंद होती.

सगळं काही फोनवरच होतं असंही नाही. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायचं. नागपूर आकाशवाणीवरून मुलांसाठी 'शाळेबाहेरची शाळा' यायची. पालघर जिल्ह्यात दांडवळसारख्या आदिवासी गावात, जिथं फोनही नाही आणि रेंजही नाही, तिथं कार्यकर्ते भोंगा घेऊन गेले आणि मुलं लांब लांब बसून ऐकत शिकली. कितीतरी गुरुजी आणि बाई देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली चार-चार मुलं घेऊन बसले. आपण रेडिओवाल्या बायका आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगते : आवाज सगळ्यांना सारखा पोचतो. भोंगा लागला की मुलगाही ऐकतो, मुलगीही ऐकते. मोबाईल मात्र एका वेळी एकाच्याच हातात असतो.

तर मोबाईल घेणं भाग पडलं. तो कुठून घेतला? हे कुणाला शोधायचं असेल तर त्यानं बचत गटाच्या वह्या उघडाव्यात. अंतर्गत कर्जाच्या पानावर कारणाचा रकाना असतो. त्या रकान्यात वर्षानुवर्षं ठरलेले शब्द असायचे : बी-बियाणं, शेळी, दवाखाना, घरदुरुस्ती, लग्न. २०२० च्या पावसाळ्यापासून मी ज्या गटांबरोबर काम करते त्यांच्या वह्यांत नवा शब्द आला, 'मुलांचा मोबाईल'. ज्यांची मजुरी बंद होती त्या बायांनीही हे कर्ज घेतलं. कुणी शेळी विकली, कुणी डोरलं मोडलं. टाळेबंदीत शाळेसाठी घेतलेल्या फोनाचा हप्ता बायकांनी फेडला, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात यायची नाही. आपल्या वह्यांत ती आहे, म्हणून त्या वह्या रद्दीत घालू नका.

हे फक्त आपल्याकडंच नव्हतं. 'असर' नावाची पाहणी दरवर्षी खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची मोजदाद करते. २०१८ साली खेड्यातल्या शाळकरी मुलांपैकी शंभरात साधारण ३६ जणांच्या घरी स्मार्टफोन होता. सप्टेंबर २०२० ला तो आकडा ६२ च्या जवळ गेला. २०२१ ला झाला ६७ च्या वर. तीन वर्षांत जवळपास दुप्पट! 

आता खरा प्रश्न. घरात आलेला फोन मुलांच्या हातात किती गेला? त्याच २०२१ च्या पाहणीत दिसलं की ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांच्यातल्याही शंभरात २६ मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. म्हणजे चार मुलांत एक. फोन घरात, मूल घरात, तरी दोघांची गाठ नाही.

असं का, ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. फोन एक आणि घरात मुलं तीन. सकाळी कारभारी कामाला निघाले की फोन त्यांच्या खिशात. ते संध्याकाळी आले की आधी थोरल्याची पाळी, कारण त्याचं बारावीचं वर्ष. मग धाकट्याची, कारण तो रडतो. मुलगी तोवर भाकरी थापत असते. तिची पाळी येते तेव्हा बॅटरी संपलेली असते, नाहीतर दिवसाचं नेट. गुरुजींचा अभ्यास सकाळी दहाला आलेला आणि तिनं तो रात्री दहाला बघायचा. मग गुरुजींच्या यादीत तिच्या नावापुढं लिहिलं जातं, 'प्रतिसाद नाही'. यात कुणी एकानं मुद्दाम वाईट केलं असं नसतं. आपण ताटं वाढतो त्याच क्रमानं फोनही वाढला. आधी पुरुष, मग मुलगे, मग उरलं तर मुली, आणि शेवटी आई.

ही शेवटची आईही मोजली गेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात विचारलं होतं, आजवर एकदा तरी इंटरनेट वापरलंय का? सबंध देशात शंभर बायांतल्या ३३ जणी हो म्हणाल्या, शंभर पुरुषांतले ५७. नुसती खेडी धरली तर बाया २५ सुद्धा भरल्या नाहीत. म्हणजे ज्या आईनं मुलांचा अभ्यास फोनवर घ्यायचा होता, त्या चार आयांतल्या तिघींनी नेट कधी हाताळलेलंच नव्हतं. आणि वरून त्यांनाच बोल लागला, "तुझं पोरांकडं लक्ष नाही."

काही मुलींनी वाट काढली. कोकणातल्या एका मुलीची बातमी तुम्हीही वाचली असेल. घरात रेंज नाही म्हणून डोंगरावर झोपडं उभारून ती भर पावसात तिथं बसून शिकली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिच्या भावांनी झोपडं उभं करून दिलं होतं, हेही लक्षात ठेवा. घरानं साथ दिली म्हणून मुलगी डोंगर चढली.

आता चिकटलेल्या पोरांकडं येऊ, म्हणजे माझं बोलणं एकतर्फी व्हायला नको. मुलं दिवसभर घरात कोंडलेली. खेळ बंद, जत्रा बंद, कबड्डी बंद. त्यांनी करमणूक फोनात शोधली. टिकटॉकवर खेड्यातली पोरंपोरी नाचत होती, विनोद करत होती. काहींना पहिल्यांदाच वाटलं की आपल्यालाही कुणी बघतं. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पबजी हा बंदुकीचा खेळ बंद झाला. मुलं हळहळली, मग दुसऱ्या अॅपवर गेली. रात्र-रात्र जागणं, डोळे चुरचुरणं, चिडचिड, हे सगळं आपण पाहिलंय. खुद्द केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाची नियमावली काढली. पहिली ते आठवीला दिवसात पाऊण तासाचे जास्तीत जास्त दोनच वर्ग, नववी ते बारावीला चार, असं तिच्यात सांगितलं होतं. म्हणजे शिक्षणालासुद्धा मर्यादा हवी, हे तेव्हाच कळलं होतं. शिक्षणानंतरच्या वेळेचं काय, ते मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोपवलं.

याच काळात फसवणूकही घरात शिरली. हाताला काम नाही आणि फोनवर लिंक येते, 'पाच मिनिटांत कर्ज'. तरुण मुलांनी अशी अॅप घेतली. त्यांनी फोनातले सगळे नंबर उचलले आणि हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी केली. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना जाहीर सावध करावं लागलं. एक गोष्ट इथं सांगते. गटातून कर्ज घेताना आपण ठराव लिहितो, दोन बायका साक्षीला असतात, व्याज सगळ्यांना ठाऊक असतं. त्या अॅपवर यातलं काहीच नव्हतं. पोरांना ही तुलना करून दाखवली तर ती पटकन समजतात. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरावर फोन करायचा. लाज धरून दोन दिवस गप्प बसायचं नाही, कारण पैसे पुढं सरकण्याआधी कळवलं तर अडवता येतात.

पण हीच 'चिकटलेली' पोरं २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात गावाच्या कामी आली, हे विसरू नका. दुसऱ्या लाटेत खाट कुठं आहे, ऑक्सिजन कुठं मिळेल, रक्त कोण देईल, हे देशभरातली तरुण मुलं रात्रभर फोनवर शोधत होती आणि एकमेकांना कळवत होती. मदत मागणाऱ्यांवर अफवा पसरवल्याचा ठपका ठेवून कारवाई करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिलला बजावलं. १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस सुरू झाली, पण नोंदणी फक्त नेटवर, कोविन या संकेतस्थळावर, आणि तेही सुरुवातीला इंग्रजीत. शहरातली मुलं नेटवरून खेड्यातल्या केंद्राचा नंबर लावून गाडीनं यायची आणि त्या गावातलेच लोक बघत राहायचे. तेव्हा आपल्याच गावातल्या पोरापोरींनी घरोघरच्या काकू-मावशींची, आज्या-आजोबांची नोंदणी करून दिली. ज्या घरात मुलीला फोन येत होता, त्या घरातल्या बायकांची नावं लवकर लागली. मे महिन्याच्या शेवटी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणी करायची मुभा आली आणि जूनमध्ये आधी नोंदणीची अटच गेली. पण तोवर फोन येणं म्हणजे काय, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के, आणि तो बघायचं संकेतस्थळ तासन् तास बंद पडलं. सगळं नेटवर ठेवलं की काय होतं, ते मुलांनी त्या दिवशीही पाहिलं.

शाळा टप्प्याटप्प्यानं उघडल्या. ग्रामीण भागात पाचवीपासून पुढच्या मुलांची ४ ऑक्टोबर २०२१ ला, आणि पहिली ते चौथीची १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे लहान मुलं वीस महिने शाळेबाहेर राहिली. जे मूल पहिलीत असताना घरी बसलं ते थेट तिसरीत जाऊन बसलं. २०२२ ला 'असर'नं पुन्हा मोजलं. दुसरीचा धडा वाचता येणारी तिसरीतली मुलं २०१८ ला शंभरात २७ होती, ती २० वर आली होती. २०२४ पर्यंत ती पुन्हा २७ झाली. घसरलेलं वाचन परत आलं ते शाळा उघडल्यावर, बाईंच्या समोर बसून.

काही मुली मात्र परत आल्याच नाहीत. त्याचा हिशेबही आपणच ठेवला पाहिजे. मे २०२० पासून लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती, पुढं एप्रिल २०२१ मध्ये ती पंचवीसवर आली. बापाला वाटलं, कमी खर्चात उरकतंय. पोरगी घरातच बसलीय, शाळा बंद, अभ्यासाला फोन नाही, आणि हातात फोन दिसलाच तर "कुणाशी बोलते?" अशी शंका. एकीकडून फोन नाही म्हणून शिक्षण तुटलं, दुसरीकडून फोन धरला म्हणून लग्न लावलं. युनिसेफनं मार्च २०२१ मध्ये अंदाज दिला की या साथीमुळं दहा वर्षांत जगात आणखी एक कोटी मुलींची लग्नं लहान वयात होण्याचा धोका आहे. आपल्या राज्यात साथीच्या तोंडावरही विशी-पंचविशीतल्या शंभर बायांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. असं लग्न ठरतंय कळलं तर १०९८ ला फोन करता येतो आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं, तक्रार देता येते, कारण गावात बालविवाह रोखायची कायद्यानं जबाबदारी त्याची आहे.

आता शेवटचा आकडा. २०२३ ला 'असर'नं १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन पोचला होता आणि बहुतेकांना तो वापरताही येत होता. मग विचारलं, स्वतःचा आहे का? वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी शंभरात ४३ जण हो म्हणाले. मुलींपैकी २० सुद्धा नाही.

साथ गेली, फोन राहिला आणि वाढायचा क्रमही राहिला. म्हणून मला वाटतं, "पोरं मोबाईलला चिकटली" एवढं म्हणून थांबू नये. मुलग्याच्या हातातला फोन थोडा कमी करायचा आहे आणि मुलीच्या हातात थोडा जास्त द्यायचा आहे. दोघांना एकच नियम लावला तर मुलीचं आणखी नुकसान होतं, कारण तिच्याकडं कमी करण्यासारखं काही नाहीच.

आता कामाचं बोलू. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं सांगायचं : आपल्या घरी फोन किती, आणि काल मुलीला तो किती वेळ मिळाला? अभ्यासाला मिळाला का? ते इतिवृत्तात लिहा, तारीख घालून. ज्या घरात एकच फोन आहे तिथं मुलीची रोजची वेळ ठरवा, भाकरीच्या वेळेची नको, उजेडाची आणि नेट शिल्लक असतानाची. २०२० साली गटातून मोबाईलसाठी कर्ज घेतलं असेल तर ती वही काढून बघा, की तो फोन आज कुणाकडं आहे. आणि गटातल्या ज्या बायकांना फोन येत नाही त्यांना शिकवायला गावातल्याच मुलींना बोलवा. मुलगी शिकवायला उभी राहिली की तिच्या हातातल्या फोनाकडं गाव वेगळ्या नजरेनं बघतं.

तुमच्या बैठकीत काय निघालं, ते आपल्या रेडिओ केंद्रावर येऊन सांगा किंवा गटाच्या सचिवांकडून लिहून पाठवा. पुढच्या भागात ते सगळ्यांना ऐकवू.

नमस्कार.